अर्धा कॅन पाणी आणि दोन गुलाबी लडी

मी हैदराबादला दोन कॅन घाण पाणी घेऊन गेले होते. लोक तिकडे मोती घ्यायला जातात, बिर्याणी खायला जातात, हल्ली कॉम्प्युटरची नोकरी शोधायलाही जातात. मी मोत्यांच्या दुकानाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "मग काय काय बघितलंत?" म्हणून हे लिहायला बसले. विचारणाऱ्यांनी एकदाच सगळं वाचावं आणि मला सोडावं.

आमचा सोलापुरात सूत रंगवायचा कारखाना आहे. सासऱ्यांनी काढला, नवऱ्यानं चालवला, आणि त्यांना दम्यानं घरी बसवलं तेव्हापासून गेली नऊ वर्षं मी चालवते. टॉवेल आणि चादरींचं सूत आमच्याकडून रंगून जातं. पूर्वी घेणारा एवढंच विचारायचा, की रंग पक्का आहे ना? बाजार खुला झाला, परदेशी ऑर्डरी यायला लागल्या, तसा नवा प्रश्न आला. रंगवून उरलेलं पाणी कुठं सोडता? प्रश्न बरोबर आहे, मी तो खोटा म्हणत नाही. आमच्यामागच्या ओढ्याचं पाणी सोमवारी निळं आणि मंगळवारी मरून असायचं, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्या प्रश्नाच्या पाठोपाठ प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली. दोन महिन्यांत सांडपाणी शुद्ध करायची सोय करा, नाहीतर कारखान्याला टाळं. बावीस माणसं माझ्याकडे कामाला. ज्या कंपन्या असा प्लांट बसवून देतात, त्यांच्या प्लांटची किंमत आमच्या अख्ख्या कारखान्याहून जास्त.

त्याच सुमारास हैदराबादहून दाजींनी वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, कुसुमअक्काचे यजमान. विद्यानगरजवळच्या एका प्रयोगशाळेत कुणा पद्मजा मॅडमनी असे काळे दाणे बनवलेत, की रंगाचं पाणी त्यांच्यातून गेलं की रंग दाण्यांत अडकतो आणि पाणी नितळ बाहेर येतं, असं त्यात होतं. मी पत्र टाकलं. उत्तर आलं, की तुमचं पाणी घेऊन या, प्रयोग करू. जमलं तर एक लहान यंत्र तुमच्या कारखान्यात बसवू आणि तोवर मुदत मिळावी म्हणून मंडळाला पत्रही देऊ.

ते पत्र मला हवं होतं. त्या पत्रासाठी मी गेले होते.

बसमध्ये

पंधरा-पंधरा लिटरचे दोन पांढरे कॅन. एकात मरून, दुसऱ्यात निळ्याचं. आमचे मुख्य रंगारी नरसय्या यांनी बुचाला रबर लावून, वर सुतळी आवळून दिली होती. तरीही उमरग्याच्या पुढं एका खड्ड्यात बस आदळली आणि मरून कॅनचं बूच सुटलं. शेजारी एक पांढरं धोतर नेसलेले गृहस्थ पाय पसरून झोपले होते. जागे झाले तेव्हा त्यांचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मरून.

"ओ बाई! रक्त हाय का काय हे?"

"रंग आहे. घाबरू नका, निघतो."

"निघतो कसा? नवं धोतर हाय!"

आता त्यांना काय सांगू, की सांडपाण्यातला रंग मेलेला असतो! सुताला धरायची त्याची ताकद रंगाच्या कुंडात संपलेली असते, म्हणून तर तो पाण्याबरोबर वाहून जातो. सगळी बस माझ्याकडे बघत होती. कंडक्टर म्हणाला, असलं सामान आत आणायचं नसतं. मी म्हटलं, तिकीट काढलंय दोन्ही कॅनचं, पावती बघा. जहीराबादच्या स्टँडवर मी त्या गृहस्थांना नळाखाली उभं केलं आणि भर स्टँडात त्यांच्या धोतराचा सोगा चोळून धुतला. रंग निघाला. तरी ते पुढच्या प्रवासात पाय सीटवर घेऊन बसले.

जहीराबादनंतर जमीन बदलते. आपली काळी रानं मागं पडतात आणि लाल माती लागते, मग कुणी एकावर एक रचून ठेवल्यासारखे मोठाले गुळगुळीत खडक. शहर जवळ आलं की ते खडक सुरुंगानं फुटताना दिसतात. फुटलेल्या जागी काचेच्या इमारती उठतायत. त्याच्या थोडं अलीकडे कारखान्यांचा पट्टा लागतो आणि खिडकीतून औषधांच्या गोळ्यांचा वास येतो. शेजारच्या धोतरवाल्यांनी नाकाला उपरणं लावलं. मी लावलं नाही. माझ्या ओढ्यालाही वास येतो, मला दुसऱ्याच्या वासाला नाक मुरडायचा काय हक्क?

नल्लकुंटा

अक्का दारातच उभी होती. तिचं लग्न होऊन नल्लकुंट्यात येऊन तीस वर्षं झाली. तिच्या सासरचे मूळचे निजामाच्या वेळचे शेतकरी, नांदेडकडचे. आता दाजींचं आबिड्सला पेनांचं दुकान आहे आणि मुलगा कॉम्प्युटरवाला. अक्काच्या मराठीत उर्दू आणि तेलुगू इतकी मुरलीये, की सोलापुरात ती बोलायला लागली तर लोक मागं वळून बघतील.

"ये की वो आत! बाहेर काय थांबू लागलीस? आनि हे काय आनलीस, तेल?"

"पाणी आहे, अक्का. कारखान्याचं."

"पानी?" तिनं कॅनकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरच्या पाण्याला नाव ठेवलं.

जेवायला ज्वारीच्या भाकरीबरोबर खट्टी दाल आणि अंबाडीचं लोणचं, ज्याला तिकडे गोंगुरा म्हणतात. आमची भाकरी कडक, महिनाभर टिकणारी. अक्काची मऊ, घडी पडणारी. मी शेंगाचटणी नेली होती. दाजींनी ती सगळी दालमध्ये कालवली. मी डोळे मिटून घेतले. "नक्को बघू, शालन," ते म्हणाले, "खाके तो देख एकदा." खाल्लं. चांगलं लागलं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर घरात धांदल उडालेली. नल्लकुंट्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही तासभर. त्या तासात घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हा नियम. हंडे, पातेली, कुकर, दुधाचं भांडंसुद्धा. आमच्याकडे सोलापुरातही पाण्याचे हाल आहेत, पण आम्ही पिंप भरतो आणि थांबतो. इथे रिकामं भांडं दिसणं म्हणजे घरच्या बाईची नाचक्की. मी अंगणात आले. माझा निळ्याचा कॅन नळाखाली होता. आतून बाहेरून लख्ख, चिंचेनं घासलेला, आणि त्यात काचेसारखं स्वच्छ पाणी पडत होतं.

"अक्का, यातलं पाणी?"

"ते? टाकून दिली की मी. काय वास मारू लागला होता गे! आता बघ, मंजिरा नदीचं गोड पानी भरली. जाताना घेऊन जा सोलापूरला."

मी मटकन पायरीवर बसले. नऊ तासांचा प्रवास, धोतर धुतलं, आणि माझं निळं पाणी नल्लकुंट्याच्या गटारात. नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळं तळं. आमचे निम्मे कामगार तेलुगू, त्यामुळे मला ती भाषा येते. काळ्या तळ्यात निळं गेलं. अक्काला मी खूप बोलले. ती रडली. मग मलाही रडू आलं. मग दाजींनी मरून कॅन हलवून पाहिला आणि म्हणाले, "अर्धा है. अर्ध्यात होत नाय का?"

करायचंच होतं. दुसरा इलाज नव्हता.

विद्यानगर

विद्यानगरच्या मागं मोठं जुनं विद्यापीठ आहे, दगडी, झाडांत बुडालेलं. प्रयोगशाळा त्याच्याजवळच्या एका बैठ्या इमारतीत. पद्मजा मॅडम चाळिशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मी तेलुगूत बोलायला लागले तर त्या हसायला लागल्या. माझं तेलुगू सोलापूरच्या मागावरचं. बहुतेक त्यांच्या आजीच्या वेळचं असावं.

"अर्धाच कॅन?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्या पुन्हा हसल्या, पण कॅन दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. मला त्या तिथेच आवडल्या.

दाणे मोहरीपेक्षा थोडे मोठे, काळे कुळकुळीत. मी तळहातावर घेतले. मॅडम म्हणाल्या, "हे नॅनोकॉम्पोझिट." मी म्हटलं, "नाव राहू द्या, आत काय आहे ते सांगा." त्यांनी नीट सांगितलं. साधी चिकणमाती, कोळंबीच्या टरफलांतून काढलेला एक चिकट पदार्थ आणि लोखंडाचा गंज. तिन्ही इतकी बारीक करायची, की साध्या सूक्ष्मदर्शकातही कण दिसू नयेत. मग एकमेकांत अशी गुंफायची, की वेगळी काढता येऊ नयेत. चमचाभर दाण्यांच्या आतले सगळे पापुद्रे उलगडून पसरले, तर मोठं अंगण झाकेल. एवढ्या जागेत रंगाला बसायला ठाव मिळतो. गंज कशाला? त्यांनी लोहचुंबक काढला आणि भांड्याला बाहेरून लावला. सगळे दाणे पाण्यातून सरसर एका बाजूला गेले. दाणे गाळायची कटकट नाही. भरलेले दाणे सोड्याच्या पाण्यात धुतले की रंग सोडतात आणि पुन्हा कामाला येतात.

मी खरोखर हरखून गेले. माती, कोळंबी आणि गंज! परदेशातून काहीच आणायचं नाही. जे लोक रंगीत कॅटलॉग घेऊन माझ्या ऑफिसात येतात, त्यांना हे मूठभर दाणे दाखवावेत असं वाटलं.

प्रयोग सुरू झाला. यादगिरी नावाचे साठीच्या आसपासचे मदतनीस होते, काचेची उभी नळी त्यांनी दाण्यांनी भरली. माझं पाणी सोड्याचं, आणि या दाण्यांना रंग धरायला आंबट पाणी लागतं. म्हणून मॅडमनी आधी त्यात ऍसिड टाकलं. वरून मरून पाणी सोडलं, खालून थेंब थेंब नितळ पाणी यायला लागलं. शेवटी सोडा टाकून त्याचा आंबटपणा मोडला, गाळून घेतलं. भांडं खिडकीशी धरलं तर पलीकडचं कडुलिंबाचं पान स्पष्ट दिसत होतं.

तिथे कंपनीचा एक माणूसही होता. टाय लावलेला, खिशात मोबाइल. ही कंपनी या दाण्यांची यंत्रं बनवून विकणार होती. त्यानं टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, परफेक्ट! आणि तुम्ही," तो हिंदीत मला म्हणाला, "आमच्या पहिल्या समाधानी ग्राहक. गुरुवारी आबिड्सच्या हॉटेलात कार्यक्रम आहे. तिथे सही करा. त्याच वेळी मंडळाला द्यायचं पत्र तुमच्या हातात."

"कशावर सही?"

"समाधानी आहे म्हणून. तुमचा फोटो पुस्तिकेत येईल. इचलकरंजी, मालेगाव, सगळीकडे जाईल."

मी म्हटलं, "हे पाणी मला द्या."

"कशाला? बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं. आता सुताला दाखवते."

त्याला कळलं नाही. मॅडमना कळलं की नाही ते मला माहीत नाही. पण त्यांनी यादगिरींना खूण केली आणि त्यांनी ते पाणी बाटल्यांत भरून दिलं. बाटल्या देताना ते हळूच म्हणाले, "हमारे दादा भी सूत रंगते थे अम्मा. हल्का रंग डालके देखो, गहरा नक्को."

अक्काच्या न्हाणीघरात

हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रंगारी पाणी डोळ्यांनी पारखत नाही. पाणी दिसायला कितीही नितळ असो, त्यात काही विरघळलेलं असेल तर ते सुतावर उतरतं. गडद रंगात ते लपतं. फिक्या रंगात लपत नाही. म्हणून नवी विहीर लागली, नवा टँकर आला, की नरसय्या आधी त्या पाण्यात सुताची एक फिकी गुलाबी लड रंगवून काढतात. लड पास तर पाणी पास. आमच्या कारखान्यात सासऱ्यांपासून हे चालू आहे. आणि मला हे पाणी नुसतं ओढ्यात सोडायचं नव्हतं, परत कुंडात घ्यायचं होतं. उन्हाळ्यात सोलापुरात पाणी मिळत नाही, हे काय मी सांगायला पाहिजे?

पिशवीत धुवट सुताच्या दोन लडी आणि गुलाबी रंगाची पुडी मी नेलीच होती. दुपारी न्हाणीघरात दोन सारखी स्टीलची पातेली मांडली. एकात प्रयोगशाळेचं पाणी. दुसऱ्यात अक्कानं भरलेलं मंजिराचं गोड पाणी, निळ्या कॅनमधलं. तिच्या अपराधाचा असा उपयोग झाला म्हणून ती एकदम खुलली आणि मोरीत माझ्याशेजारी पाटावर बसली. सारखा रंग, सारखं मीठ, सारखा सोडा, घड्याळ लावून सारखा वेळ.

"काय होऊ लागलं गे?" अक्का दर पाच मिनिटांनी विचारायची.

"वाळेपर्यंत काही बोलू नकोस."

वाळल्यावर बोलायची गरजच उरली नाही. मंजिराची लड नुकत्या उमललेल्या गुलाबासारखी. दुसरी मळकट, बिस्किटी छटेची, जणू चहाचा हात लागलाय. मी दोन्ही उजेडात नेऊन पाहिल्या, सावलीत पाहिल्या, अक्काला आणि दाजींना दाखवल्या. फरक लहान मुलालाही कळला असता. ही मळकट छटा मी जन्मभर ओळखते. जुन्या पाइपातून पाणी आलं की हीच छटा येते. हे लोखंड होतं.

मॅडमचे दाणे ऍसिडमध्ये आपल्यातलं लोखंड सोडत होते. रंग काढून घेत होते आणि त्याच्या जागी गंज देत होते.

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. मग भीती वाटली. मंडळाला लोखंडाशी देणंघेणं नाही, मंडळाला फक्त रंग दिसतो. सही करून पत्र घेतलं असतं तर कारखाना वाचत होता. दाजी म्हणाले, "सही कर आणि जा, शालन. बादमें बघू." अक्का त्या लडी हातात घेऊन बसली होती. पण माझा फोटो पाहून, माझ्यासारखीच कुणी मालेगावात हे यंत्र घेईल आणि तिचं सूत नासेल. ती विचारेल, ही सोलापूरची बाई रंगारी आहे की कोण आहे?

आबिड्स

गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून प्रयोगशाळेत फोन केला. मॅडम निघून गेल्या होत्या. मग रिक्षा केली. आबिड्स म्हणजे जुनी दुकानं, पोस्ट, चपलांचे ढीग, इराणी चहावाले, आणि मधूनच एखादं चकचकीत नवं शोरूम. जुन्या आणि नव्याची तिथे रोज धक्काबुक्की चालते. दाजींचं दुकान लागलं, त्यांनी गल्ल्यावरून हात केला. मी थांबले नाही.

हॉटेलच्या दारातच मॅडम भेटल्या. मी लडी काढल्या. "मॅडम, एक मिनिट. तुमचे दाणे लोखंड सोडतायत."

त्यांनी लडींकडे पाहिलंही नाही. चेहरा उतरलेला, हातात भाषणाचे कागद. "अम्मा, कार्यक्रमानंतर बोलू. प्लीज."

"कार्यक्रमानंतर सही झालेली असेल."

तेवढ्यात टायवाल्यानं त्यांना आत नेलं.

आत पडद्यावर चित्रं. जगाचा नकाशा, बाण, हिरवी पानं. चाळीसेक लोक, बहुतेक कारखानदार. शेवटी माझं नाव पुकारलं. शाल होती, नारळ होता, टेबलावर तो कागद होता आणि त्याच्या शेजारी मंडळाच्या नावाचं पाकीट. पाकीट मला तिथून दिसत होतं.

मी शाल घेतली नाही. दोन्ही लडी वर धरल्या.

"मी रंगारी आहे," मी हिंदीत म्हटलं. माझं हिंदी काही बरं नाही, पण त्या दिवशी अडलं नाही. "ही चांगल्या पाण्यातली. ही तुमच्या शुद्ध केलेल्या पाण्यातली. यात लोखंड आहे. हे पाणी मी परत कुंडात घेऊ शकत नाही. मी समाधानी नाही. सही करणार नाही."

टायवाला हसला. "बहेनजी, मंडळ सूत बघत नाही, पाणी बघतं. सही करा, तुम्हाला मुदत हवी आहे ना?"

"हवी आहे. खूप हवी आहे. पण माझ्या नावावर हे विकायचं नाही. मागं बसलेल्यांत कुणी रंगारी असेल, त्यानं पुढं येऊन या लडी बघाव्यात."

दोघं उठून आले. एकजण कोत्तूरचा, एक सिकंदराबादचा. त्यांनी लडी हातात घेतल्या, खिडकीशी नेल्या, परत आले आणि एकानं माझ्याकडे पाहून 'बरोबर आहे' अशी मान हलवली. त्यानंतर हॉलमध्ये जो गलका झाला त्यात मी बाहेर पडले. जिना उतरताना मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्यांनी त्या दाण्यांत वर्षानुवर्षं घातलेली. मी चाळीस लोकांसमोर त्यांचं नाक कापलं होतं. मी चुकीचं बोलले नव्हते, पण मला वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

पुन्हा विद्यानगर

शुक्रवारी कॅन आणायला गेले. खरं म्हणजे कॅन आणायला गेले नव्हते. मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या, समोर परवाच्या उरलेल्या पाण्याची परीक्षानळी.

"या," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा. त्यांनी नळीत एका औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी कुंकवासारखं लाल झालं. "हे लोखंड. आम्ही रंग मोजला, गढूळपणा मोजला. ऍसिडनंतर लोखंड मोजायला हवं होतं. माझंच चुकलं."

मी म्हटलं, "तिथे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं मला. दारात सांगायला आले होते."

"माहीत आहे. मी ऐकलं नाही." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला काय वाटतं अम्मा, मला ते हॉटेल, ती शाल हवी होती? पुढच्या वर्षीचं काम चालायला कुणीतरी कंपनी लागते! सकाळपासून ते माझा फोन घेत नाहीयेत."

तेवढ्यात यादगिरी पुढं आले. धुतलेल्या नळ्यांचा ट्रे त्यांच्या हातात होता.

"मॅडम, जिस दिन तेजाब डालते, उस दिन काच को पीला दाग पडता. मैं रोज घिसतूं. बहुत दिनों से घिसतूं."

"मग बोलला का नाहीत?"

"आप लोगां पूछे कब?"

मॅडमनी ट्रेमधली एक नळी उजेडाला धरली. कडेला अगदी बारीक पिवळी रेघ होती. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. यादगिरींना त्यांनी समोरच्या स्टुलावर बसवलं, वही काढली, आणि कुठल्या दिवशी डाग जास्त, कुठल्या दिवशी कमी, हे त्यांना विचारून लिहून घेतलं. मी चहा आणायला गेले. तिघांनी उस्मानिया बिस्किटं बुडवून चहा घेतला. बिस्किट गोड की खारट हे शेवटपर्यंत ठरत नाही, पण दुसरं घ्यावंसं वाटतं.

दाण्यांवर आणखी एक पातळ थर द्यावा लागेल, म्हणजे ऍसिडनं गंज सुटणार नाही, असं त्या म्हणाल्या. किती दिवस लागतील? सांगता येत नाही. आणि आता प्रयोगशाळेत नाही, कारखान्यातच प्रयोग करायचा. प्रत्येक खेपेला लड काढायची. मग त्यांनी मंडळासाठी पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. रंग निघतो, हे लिहिलं. लोखंड सुटतं, हेही लिहिलं. प्रयोग अपुरा आहे, पुढचं काम या कारखान्यातच व्हायला हवं, त्यासाठी सहा महिने मुदत मिळावी, असं लिहिलं.

"हे चालेल मंडळाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"हॉटेलातलं ते गोड पत्र चाललं असतं."

"हो," मी म्हटलं. "ते नक्की चाललं असतं."

सोलापूर

परतीचं काही सांगण्यासारखं नाही. रविवारी घरी आले, सोमवारी मंडळाच्या ऑफिसात. साहेब तरुण होते, चष्म्याचे. त्यांनी पत्र एकदा वाचलं, परत वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"बाई, यात तर प्रयोग अपुरा आहे असं लिहिलंय. लोक इथे यशस्वी झाल्याची पत्रं आणतात. मी मुदत कशाच्या जोरावर देऊ?"

"अपुरा आहे म्हणूनच मुदत मागते, साहेब. पुरा झाला असता तर मुदत कशाला मागितली असती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. खूप थकले होते, पण कारखान्यात बावीस माणसं होती आणि हैदराबादेत एक बाई होती, जिनं स्वतःच्या हातानं स्वतःची चूक सरकारला लिहून दिली होती. ते पत्र घेऊन मान खाली घालून परत जायचं असतं, तर मग सही करून शालच पांघरली असती.

"जी यशस्वी पत्रं येतात," मी म्हटलं, "त्यातल्या किती कारखान्यांचा ओढा तुम्ही नंतर जाऊन बघितलात? माझा बघायला या. दर महिन्याला या. लडसुद्धा दाखवीन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पत्र सरळ केलं, त्याला जोडलेल्या माझ्या अर्जावरचा 'सहा' खोडून 'तीन' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

तीन महिन्यांत हे होत नाही. मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि कागद उचलला.